घोणशीची बरणी

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. माझ्या पोटात जे वेटोळं दिसतंय ते मेलेलं आहे, त्याला आता सोळा वर्षं होऊन गेली. मी काचेची बरणी. रुंद तोंडाची, जाड बुडाची, उजेडात धरली तर किंचित हिरवी दिसणारी. वयानं म्हणाल तर तुमच्या आईच्या आसपासची. आणि मी चिडलेली बरणी आहे, हेही आधीच सांगून टाकते. आत्मवृत्त सांगायला बसलं की आम्ही वस्तूंनी हळुवार बोलावं, मधूनच उसासा टाकावा, असा रिवाज आहे. तेवढं गोड बोलणं मला जमायचं नाही. जमेल तसं सांगते, ऐकून घ्या.

माझा जन्म एका काचकारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. भट्टीची धग आणि मग एकदम अंगावर आलेला गार वारा, एवढंच. पेंढ्यात गुंडाळून मला मंचरला आणलं. तिथे बाजारपेठेत बदरुद्दीन मणियार यांचं बांगड्यांचं दुकान होतं. बांगड्यांच्या पेट्यांबरोबर त्यांनी मलाही घरी नेलं आणि बायकोच्या हवाली केलं. जोहराबी त्यांचं नाव. त्यांनी मला कोमट पाण्यानं धुतलं, तीन दिवस उन्हात उपडं ठेवलं आणि चौथ्या दिवशी माझ्यात लिंबाचं लोणचं घातलं. पुढची चौदा वर्षं मी तेच काम केलं. शेजारणी वाटी घेऊन यायच्या, जोहराबी कोरड्या चमच्यानं फोडी काढून द्यायच्या, आणि जाताना प्रत्येकजणी माझ्याकडे एकदा बघून जायची. ते दिवस बरे होते. तेव्हा माझ्यावर काही लिहिलेलं नव्हतं, आणि कुणाला वाचायची गरजही नव्हती. आत काय आहे ते दिसत होतं.

जोहराबींची लेक झेबा. प्राणिशास्त्र शिकली, बी.एड. झाली आणि आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणीच्या पुढच्या एका वाडीतल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायला लागली. शाळेचं नाव विचारू नका. रोज सकाळी मंचरच्या स्टँडवरून एसटी, मग फाट्यापासून पायी. शाळेत प्रयोगशाळा होती, म्हणजे एक खोली होती. दोन सूक्ष्मदर्शक, त्यातला एक फुटका. नमुने ठेवायला बरण्या नाहीत. मग झेबा मॅडमनी आईकडे मला मागितलं.

"ने गं पोरी," जोहराबी म्हणाल्या. "पण काय ठेवणारेस ते मला सांगू नको. आणि परत आणू नको. ज्या बरणीत साप-विंचू राहिले, तिच्यात मी काय घालू?"

लोणचं दुसऱ्या बरणीत गेलं आणि मी शाळेत गेले. आठवडाभर खडूची धूळ खात रिकामी बसले. मग एका सकाळी शाळेचे शिपाई जानकू गोणी घेऊन आले. वाडीतल्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं चाक कडब्याच्या गंजीजवळ एका सापाच्या शेपटीवरून गेलं होतं.

"मॅडम, घोणस हाय," जानकू म्हणाले. "लई मोठं धूड हाय. मेलीय, पण जपून."

मॅडमनी हातमोजे घातले. सुईनं तिच्या अंगात फॉर्मॅलिन भरलं, काचेच्या पट्टीला दोऱ्यानं वेटोळं बांधलं. पाठ बाहेरच्या बाजूला राहील अशी काळजी घेतली, कारण घोणशीची ओळख तिच्या पाठीवर असते. मला वरपर्यंत द्रवानं भरलं, झाकणाला मेण लावलं आणि कागदाच्या चौकोनावर आपल्या गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलं: घोणस. अत्यंत विषारी. तो कागद माझ्या छातीवर चिकटला. वाडीतल्या पोरांना ते अक्षर पाठ होतं. फळ्यावर, वहीत, प्रगतिपुस्तकात, सगळीकडे तेच असायचं.

खरं सांगू? मला आधी किळस आली होती. लोणच्याची बरणी मी. पण वर्ग भरला आणि माझं मत बदललं.

त्या वेळी नववीच्या पुस्तकात 'आपल्या परिसरातील प्राणी' असा एक धडा होता. मॅडम मला दोन्ही हातांनी उचलून बाकाबाकावरून फिरवायच्या. पोरांनी पाठीवरचे ठिपके मोजायचे. तीन ओळी, तपकिरी ठिपके, प्रत्येकाला काळी किनार, एकापुढे एक साखळीच्या कड्यांसारखे. शेजारी अजगराचं चित्र लावलेलं असायचं. त्याच्या पाठीवरचे चट्टे वेडेवाकडे, फाटक्या कागदाच्या तुकड्यांसारखे. "घोणस अजगरासारखी दिसते म्हणून माणसं फसतात," मॅडम सांगायच्या. "चावली तर बांधायचं नाही, कापायचं नाही, कुणाकडे उतरवायला न्यायचं नाही. हात हलवू द्यायचा नाही आणि तडक दवाखाना. मिळेल ते वाहन." पोरं वहीत माझं चित्र काढायची. निम्म्या वह्यांत मी घागरीसारखी आणि साप जिलेबीसारखा दिसायचा, पण ठिपक्यांच्या ओळी तीनच असायच्या.

एकदा एका मुलानं आजोबांना चावलेला साप ठिपक्यांवरून ओळखला, मोटरसायकलवर मध्ये बसवून त्यांना दवाखान्यात नेलं आणि आजोबा वाचले. दुसऱ्या आठवड्यात तो पेढे घेऊन आला आणि एक पेढा माझ्यासमोर ठेवला. पेढा जानकूंनीच खाल्ला, पण मान माझा होता. असं कौतुक किती बरण्यांच्या वाट्याला येतं?

मग तीन वर्षांपूर्वी शाळेत नवा अभ्यासक्रम आला. त्याच्याबरोबर एक कागद आला. मुलांच्या डोक्यावरचं ओझं कमी करायचं म्हणून काही धडे वगळले होते, त्यात आमचा धडा होता. प्रात्यक्षिक परीक्षा गेली, तिच्या जागी अंतर्गत गुण आले. ठिपके मोजायची गरज उरली नाही, कारण गुण आता प्रकल्पाच्या वहीला मिळणार होते, आणि प्रकल्पाची वही मंचरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळत होती. परिसरातल्या प्राण्यांऐवजी नव्या पुस्तकात 'संरक्षित वन्यजीव' नावाचा धडा होता. गुळगुळीत पानं, रंगीत चित्रं. त्यात हिमबिबट्या होता. आमच्या वाडीच्या उसात रात्री खरा बिबट्या फिरतो, पण पुस्तकातला हिमालयातला होता.

मॅडम चिडल्या. त्यांनी मुख्याध्यापकांना, म्हणजे कुंडलिक सरांना विचारलं, "धडा नसला तरी मी वर्षातून दोन तास घेते ना, सर. पेरणीआधी एक आणि काढणीआधी एक."

"घ्या की," कुंडलिक सर म्हणाले. "पण आधी नवा पोर्शन संपवा. तुम्हाला सर्वेक्षणाची ड्युटी आहे, मतदारयादीचं काम आहे. वेळ उरला तर घ्या."

वेळ उरला नाही. पहिल्या वर्षी मॅडमना वाईट वाटलं, दुसऱ्या वर्षी कमी वाटलं, तिसऱ्या वर्षी त्यांनी मला कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. दोष त्यांना एकटीला देत नाही. पण माझ्या काचेवर धूळ बसली ती त्यांच्याच डोळ्यांदेखत बसली, हे मी का लपवू?

आता मुख्य गोष्टीकडे येते.

गेल्या डिसेंबरात शाळेची तपासणी ठरली. शाळेला श्रेणी मिळणार होती. तपासणीआधी एक यादी आली आणि तिच्याप्रमाणे प्रयोगशाळा दिसायला हवी होती. यादीत सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं: सरपटणारे प्राणी, अजगर, नमुना किंवा प्रतिकृती. घोणशीचं नाव कुठेच नव्हतं. शाळेनं प्लॅस्टिकचा अजगर मागवला होता, तो वेळेत आला नाही. तपासणीला सहा दिवस उरले होते.

कुंडलिक सर तसे वाईट गृहस्थ नव्हेत. शाळेच्या गळक्या पत्र्यांसाठी त्यांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली होती. पण श्रेणीचं त्यांनी फारच मनावर घेतलं होतं. ते प्रयोगशाळेत आले, कपाट उघडलं, मला खाली काढलं आणि रुमालानं पुसलं.

"मॅडम, हा अजगरच दिसतो की."

"सर, ही घोणस आहे."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. साहेब काय ठिपके मोजत बसणार आहेत? पिल्लू म्हणा. अजगराचं पिल्लू. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"विषारी सापाला बिनविषारी कसं लिहू?"

"लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी काढायचं. एका नमुन्यापायी शाळा खालच्या श्रेणीत जाऊ द्यायची का? पत्र्याचं अनुदान थांबलं तर पोरं पावसात कुठं बसवू, सांगा."

मॅडमनी फडकं ओलं करून माझ्या छातीवरचा जुना कागद सोलून काढला. नवा चौकोन कापला. त्याच गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलं: अजगर (पिल्लू). बिनविषारी. आणि तो माझ्यावर चिकटवला. मित्रांनो, बरणीला तोंड मोठं असतं, पण आवाज नसतो. असता तर त्या दिवशी मी शाळा डोक्यावर घेतली असती.

आता तुम्हाला आपल्याकडची एक पद्धत ठाऊक आहेच. तपासणी असली की प्रत्येक नमुन्याशेजारी एक मूल उभं करतात, आणि साहेब समोर आले की त्या मुलानं पाठ केलेलं घडाघडा म्हणायचं. माझ्याशेजारी अश्विनीला उभं केलं. अश्विनी नववीत. गोरख नावाच्या शेतकऱ्याची लेक, दोन वेण्या, आवाज खणखणीत. आई तिच्या लहानपणीच गेलेली, घरात बाप आणि आजी साळुबाई. तिला चार ओळी लिहून दिल्या. पाच दिवस तिनं त्या पाठ केल्या. तपासणीच्या दिवशी साहेब आले, माझ्यासमोर थांबले आणि अश्विनीनं श्वास न घेता म्हटलं, "हा अजगर. हा बिनविषारी साप आहे. त्याच्या दंशानं माणूस मरत नाही. तो शेतकऱ्याचा मित्र असून त्याला मारणे गुन्हा आहे. त्याला सुरक्षित ठिकाणी सोडावे."

"शाबास!" साहेब म्हणाले. "अशी मुलं हवीत." त्यांनी तिचा फोटो काढला. फोटोत मीही आहे.

शाळेला चांगली श्रेणी मिळाली. संध्याकाळी मॅडम कागद काढायला आल्या, तर कुंडलिक सरांनी थांबवलं. "फोटो वर गेलाय, मॅडम. फेरतपासणी झाली तर? राहू द्या महिना-दोन महिने. कपाटाला कुलूप आहेच." मॅडम म्हणाल्या, "निदान त्या पोरीला तरी सांगते." पण दुसऱ्या दिवसापासून त्यांची ड्युटी लागली, नंतर सराव परीक्षा आल्या. एकदा अश्विनी व्हरांड्यातून जाताना त्यांना दिसली. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. जानकूंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अहो, शेतकऱ्याची पोर आहे. तिला काय घोणस माहीत नसेल? ते नाटक होतं हे तिलाही कळतंच की." त्या असं म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज मला खोटा वाटला. लाज वाटत होती त्यांना. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीसमोर आपण खोटं लिहिलं असं कबूल करायला मोठ्या माणसांना फार लाज वाटते.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. जानकूंचं शेत गोरखच्या शेताला लागून. त्यांनी प्रयोगशाळेत येऊन मॅडमना सांगितलं, तेव्हा मी कपाटात होते आणि कपाटाची फळी पातळ आहे.

मार्च महिना. रविवारची सकाळ. गोरखच्या रानात कांद्याची काढणी चालली होती. उपटलेल्या कांद्यावर पात झाकून ढीग लावले होते. साळुबाई पात कापत बसल्या होत्या. गोरखनं एका ढिगावरची पात उचलली आणि खाली वेटोळं दिसलं. शिट्टी वाजावी तसा फूत्कार झाला.

"सरक मागं!" साळुबाई ओरडल्या. "घोणस हाय ती!"

गोरखही मागं सरला. त्यालाही घोणसच वाटली होती. त्यानं फावडं उचललं. तेवढ्यात अश्विनी पळत आली.

"बाबा, मारू नका! अजगराचं पिल्लू हाय ते. आमच्या शाळेत बरणीत हाय, असंच. मी साहेबांना सांगितलं न्हाई का? बिनविषारी असतं."

"अगं, शिट्टी मारती ना ती," साळुबाई म्हणाल्या. "आमी जन्म काढला रानात. घोणस हाय."

"आई, तू गप," गोरख म्हणाला. "पोरगी शाळंत शिकती. मॅडमनी शिकवलंय तिला. आपुन काय शिकलोय?"

त्यानं फावडं खाली ठेवलं. गोणी आणली. मारायचं नाही, कालव्याकडेला नेऊन सोडायचं, असं ठरलं. काठीनं तिला गोणीत सरकवताना तिनं उजव्या हाताला, अंगठ्याच्या मुळाशी, चावा घेतला. गोरख हसला. "दात हायेत की अजगराला," म्हणाला. साप सोडून आला, हात धुतला, हळद लावली आणि पुन्हा कांद्याला लागला. हात तासाभरात कोपरापर्यंत सुजला. साळुबाई दवाखान्याचं म्हणत राहिल्या आणि गोरख म्हणत राहिला, "बिनविषारी हाय गं, ठणका तर असणारच." अश्विनीनं त्याला पाणी आणून दिलं. मग उलटी झाली. मग हिरड्यांतून रक्त आलं. तेव्हा साळुबाई बांधावरून धावत जानकूंकडे आल्या, जानकूंनी पिकअप आणली. चावल्यापासून साडेतीन तास गेले होते.

मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोणता साप?" अश्विनीच पुढे झाली. "अजगर," म्हणाली. डॉक्टरांनी गोरखचं रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं ठेवलं. ते गोठलं नाही. मग त्यांनी मोबाईलवर दोन चित्रं काढून तिच्यापुढे धरली. तिनं ज्यावर बोट ठेवलं ते घोणशीचं होतं. डॉक्टरांनी नर्सला इंजेक्शनच्या बाटल्या आणायला सांगितल्या. इंजेक्शनं दिली, पण उशीर झाला होता. गोरखच्या लघवीला रक्त यायला लागलं, मग लघवीच थांबली. पुण्याला नेलं. सहाव्या दिवशी तो गेला.

जानकू सांगत होते आणि मॅडम स्टुलावर बसल्या होत्या. जानकू शेवटी म्हणाले, "मॅडम, गावात म्हंत्यात, पोरीनंच बाप घालवला."

कुंडलिक सर दुसऱ्याच दिवशी आले. चेहरा उतरलेला. "जानकू, ती बरणी नाल्यात टाकून ये," म्हणाले. "आत्ताच्या आत्ता." मॅडम कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"बरणी कुठंही जाणार नाही, सर."

"मॅडम, मला काय आनंद झालाय का? रात्रीची झोप नाही मला. पण बरणी राहिली तर पेपरात येईल. तुमचं नाव येईल, अक्षर तुमचं आहे. त्यानं तिचा बाप परत येणार आहे का?"

"नाही येणार. म्हणूनच टाकायची नाही."

तेराव्यानंतर अश्विनी शाळेत आली. वर्गात गेली नाही. सरळ प्रयोगशाळेत आली आणि मॅडमसमोर उभी राहिली. दोन वेण्यांतली एक सुटलेली. "बरणी दाखवा," म्हणाली. मॅडमनी मला काढून टेबलावर ठेवलं. पोरीनं कागदावरून बोट फिरवलं.

"अक्षर तुमचंच हाय ना, मॅडम?"

"माझंच आहे."

"मग ह्यो अजगरच हाय. डॉक्टर चुकले. बाबांना दुसरं कायतरी चावलं असंल. व्हय ना?"

मित्रांनो, त्या वेळी मॅडमना होकार देता आला असता. पोरगी तेच मागत होती. एक शब्द खोटा बोलल्या असत्या तर ती कदाचित त्या रात्री झोपली असती. मला वाटलं, आता बोलतील.

"नाही, अश्विनी," मॅडम म्हणाल्या. "ही घोणस आहे. पहिल्यापासून घोणसच आहे. मला माहीत होतं. साहेब येणार म्हणून मी खोटं लिहिलं आणि तुला खोटं पाठ करायला लावलं. तुझी काही चूक नाही. माझी आहे."

अश्विनी माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "मी पाच दिवस पाठ करत व्हते, मॅडम. रोज सांजच्याला बाबांपुढं उभी राहून म्हणायची. बाबा म्हणायचे, आणखी एकदा म्हण. त्यांचं पण पाठ झालं व्हतं."

आणि ती निघून गेली. मॅडमनी माझ्यावरचा कागद नखानं खरवडून काढला. थोडा चिकटून राहिला तो राहिलाच. काचेवर कपाळ टेकून त्या रडल्या. मला त्यांची दया आली नाही, असं सांगितलं तर खोटं होईल. पण राग गेला, असं सांगितलं तर तेही खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कापडी पिशवीत घातलं आणि जानकूंबरोबर गोरखच्या घरी नेलं. दारासमोरच्या ओट्यावर मला ठेवलं. साळुबाई आतून आल्या, खाली बसल्या आणि माझ्याकडे एकदाच बघितलं.

"घोणस."

"हो, आजी. हिच्यावर मी अजगर लिहिलं होतं. तुमच्या नातीला मीच तसं शिकवलं." मॅडमनी सगळं सांगितलं. साहेब, यादी, श्रेणी, कागद न काढणं, पोरीला न सांगणं. काही लपवलं नाही. "मी लेखी दिलंय शाळेला. तुम्ही म्हणाल तिथं येऊन सांगते. तुम्ही मला काहीही बोला, आजी."

साळुबाईंनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. "तुमाला बोलून काय करू?" त्या म्हणाल्या. "मी वरडून सांगितलं व्हतं, माझं कुणी ऐकलं न्हाई. ल्योक म्हणला, पोरगी शिकती. लई कवतिक व्हतं त्याला. कौतुकानंच गेला." मग त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे हात केला. "ती तिथं बसलीय. जेवत न्हाई, बोलत न्हाई. मी सांगते, तू न्हाई मारलास, तर म्हणती, आजी, तुला काय कळतंय. तुमचंच ऐकंल ती. तुमीच बिघडवलंय, तुमीच सांगा. आज सांगून भागायचं न्हाई. रोज सांगा."

तेव्हापासून शाळा सुटली की मॅडम आधी त्या घरी जातात. ओट्यावर बसतात. दाराच्या आड अश्विनी असते. मॅडम तेच सांगतात, रोज तेच. मग फाट्याकडे चालत जातात आणि शेवटची एसटी पकडतात. जूनमध्ये अश्विनीचं नाव दहावीच्या हजेरीत लागलं. ती वर्गात येऊन बसते. पूर्वी प्रश्न विचारला की तिचा हात सगळ्यात आधी वर जायचा. आता उत्तर येत असलं तरी ती खाली बघत राहते. बोलली तर कुणीतरी मरेल, अशी तिची समजूत झाली आहे.

मी आता कपाटात नाही. मॅडमच्या टेबलावर, वर्गासमोर असते. छातीवर नवा कागद आहे: घोणस. अत्यंत विषारी. परवा नववीच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" मॅडम म्हणाल्या, "नाही." निम्म्या वर्गानं वह्या मिटल्या. मॅडमनी मला उचललं आणि पहिल्या बाकावर नेऊन ठेवलं. "वह्या राहू द्या," म्हणाल्या. "ठिपके मोजा."

आम्हा वस्तूंच्या गोष्टीच्या शेवटी एक विनवणी असते. आम्हाला पुसा, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. धूळ बसू द्या, फोडा हवं तर. धडे वगळायचे तर वगळा, ते तुमच्या मोठ्यांच्या हातात आहे आणि त्यांना माझं ऐकू येत नाही. पण उद्या तुम्हीही मोठे व्हाल. कुणी मास्तर व्हाल, कुणी साहेब व्हाल, कुणी नुसतेच बाप किंवा आई व्हाल. तेव्हा एका दिवसापुरतंसुद्धा मुलांना खोटं पाठ करायला लावू नका. मुलं ते घरी घेऊन जातात, जेवायच्या आधी म्हणून दाखवतात, आणि घरची माणसं हातातलं काम टाकून, मन लावून ऐकतात.